साठ फुटांत देश

प्रभुदास पाटोळे सरांच्या घरासमोर जी साठ फुटांची भिंत आहे, तिच्याकडे तोंड करून दिवसाला निदान चाळीस माणसं उभी राहत असत, आणि त्यांतलं एकही माणूस भिंत बघायला आलेलं नसे.

भिंत पाण्याच्या जुन्या टाकीची. श्रीरामपूरच्या शिक्षक कॉलनीतून मार्केट यार्डाकडे जाणारा रस्ता तिच्या कडेनं जातो. टाकीत कित्येक वर्षांत पाण्याचा थेंब पडलेला नव्हता, भिंत मात्र बारमाही ओली. कांद्याचे ट्रक, उसाच्या गाड्या, तारखेला आलेले पक्षकार, ज्याला म्हणून थांबावंसं वाटे तो तिथेच थांबे. सरांनी पुंजाराम पेंटरकडून तीन वेळा 'येथे लघवी करू नये' असं ठसठशीत लिहून घेतलं. लोक ते शांतपणे वाचत आणि वाचता वाचता आपलं काम उरकत. सरांनी चौतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला होता, पण आपण दिलेला मजकूर कोणी इतकं एकाग्र होऊन वाचताना त्यांनी नोकरीत असताना कधी पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात कॉलनीची बैठक झाली तेव्हा हा विषय निघाला. शेजारचे कारभारी म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. प्रवरेच्या कालव्यावर हयात गेल्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न हा मुळात पाण्याच्या वाटपाचा प्रश्न आहे, अशी त्यांची खात्री आहे. ते म्हणाले, यात अवघड काय, देवांच्या टाइल्स लावा. गणपती लावा, साईबाबा लावा, मक्का-मदिना लावा, आणि पाटोळे सरांचा मान म्हणून येशू ख्रिस्तही लावा. सगळ्या धर्मांचे लोक एका दिवसात बंद होतील. सभेनं माना डोलावल्या.

सर उभे राहिले. ते म्हणाले, देव कोणाचाही असो, त्याला या चौकीदारीला बसवणं बरं नाही, आणि येशूला तर मी मुळीच या कामाला लावणार नाही. त्यापेक्षा भिंतीवर देश काढू. कच्छपासून अरुणाचलपर्यंत आपला सगळा देश, प्रत्येक राज्याचं एक चित्र आणि त्याखाली एक नवलाची गोष्ट. माणूस आपल्या देशावर असलं काही करणार नाही.

"सर, देवाला लोक भितेत," कारभारी म्हणाले. "देशाला कोन भितं?"

"भिऊन नाही, कौतुकानं थांबतील. नाही थांबले तर तुमच्या टाइल्स मी माझ्या हातानं बसवून देईन."

हे वाक्य सरांच्या तोंडून गेलं आणि इतिवृत्तातही गेलं. आता भिंतीबरोबर चौतीस वर्षांचा भूगोलही पणाला लागला. घरी जाताना सरांच्या पत्नी मरियाबाईंनी फक्त एवढंच विचारलं की, तुम्हाला सिमेंट कालवता येतं का.

पहिली अडचण परवानगीची. नगरपालिकेच्या कचेरीतल्या हनुमंतराव क्लार्कनी अर्ज वाचून विचारलं की, नकाशा काढणार म्हणजे सीमारेषा येणार, आणि सीमारेषा येणार म्हणजे वरच्या कचेरीचा दाखला लागणार, तो कुठे आहे. सरांनी सांगितलं, भिंत साठ फूट लांब आणि सहा फूट उंच आहे, तीत नकाशा बसतच नाही. सीमारेषा नाहीत, फक्त चित्रं, पश्चिमेकडून पूर्वेकडे. हनुमंतराव थोडे निराश झाले. मग त्यांनी टाकीची फाईल काढली. एक तास फाईल चाळल्यावर असं निघालं की, ती टाकी सोळा वर्षांपूर्वीच पाडलेली आहे. सरांनी खिडकीतून लांबवर दिसणारी टाकी दाखवली. हनुमंतरावांनी ती नीट पाहिली, पुन्हा फाईल पाहिली, आणि फाईलवर विश्वास ठेवला. पाडलेल्या टाकीच्या भिंतीवर चित्र काढायला परवानगी देता येत नाही, असं ते म्हणाले, पण जी भिंत नाहीच तिच्यावर कोणी काही काढलं तर हरकत घेणार तरी कोण. सर हा मौखिक आदेश घेऊन घरी आले.

सरांनी आलेखाच्या कागदावर साठ फुटांची वाटणी केली. कच्छला दोन फूट, राजस्थानला चार, महाराष्ट्राला सहा, असं करत करत शेवटचे दहा फूट ईशान्येच्या राज्यांना. मेघालयासाठी तर त्यांच्याकडे फोटोही होता. मिशनच्या दवाखान्यात दाफिशा नावाची नर्स आहे, मेघालयातली खासी मुलगी. मरियाबाईंच्या शेजारी चर्चला बसते. मरियाबाईंनी तिला सांगून टाकलं की तुझंही राज्य भिंतीवर येणार आहे, आणि तिनं दुसऱ्याच दिवशी आपल्या गावच्या पुलाचा फोटो आणून दिला. झाडाच्या जिवंत मुळांना वळण देऊन ओढ्यावर केलेला पूल. पूर्ण व्हायला एक आयुष्य जातं आणि मग पिढ्यान् पिढ्या टिकतो. सरांनी तो फोटो पाकिटात जपून ठेवला, कारण चौतीस वर्षं त्यांनी हे शिकवलं होतं आणि पाहिलं कधीच नव्हतं.

पुंजाराम पेंटरनं आलेखाचा कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खिशात घातला. तो कागद नंतर कोणाला दिसला नाही. पुंजारामची एक रीत आहे. तो आधी मोजत नाही, खडूनं आखत नाही. डावीकडून ऐसपैस सुरुवात करतो आणि उजवीकडे जागा संपत आली की अक्षरं अंग चोरू लागतात. श्रीरामपुरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर मालकाचं नाव भरदार आहे आणि गावाचं नाव दाराच्या फटीतून आत शिरल्यासारखं. मोजून घे, असं सरांनी दोनदा सांगितलं. पुंजाराम म्हणाला, सर, हात बसलेला हाय.

हात खरोखरच बसलेला होता, पण तो बैलांवर. ट्रॉल्यांच्या फाळक्यांवर खिल्लारी बैल काढण्यात त्याचा हातखंडा. त्यामुळे कच्छचं रानगाढव खिल्लारी डोळ्यांचं झालं, आणि गीरच्या सिंहाला वशिंड आलं. पण मजकूर चोख होता. रानातले आशियाई सिंह साऱ्या जगात फक्त इथेच. हिमाचलातल्या हिक्कीम गावी साडेचौदा हजार फुटांवर टपाल कार्यालय. आपल्या एका नोटेवर सतरा भाषा.

आणि पहिल्याच आठवड्यात चमत्कार झाला. एक ट्रकवाला खाली उतरला, सवयीनं सिंहापुढे उभा राहिला, मजकूर वाचला, हात मागे घेतला आणि सरांच्या फाटकाशी येऊन विचारता झाला की, खरंच आपल्याशिवाय कुठंच न्हाईत का सिंह. सरांनी त्याला चहा पाजला. त्या दिवशी सर जरा जास्तच ताठ चालत होते.

मात्र कारभारी आपल्या ओट्यावरून वहीत नोंद ठेवत होते. त्यांच्या नोंदीप्रमाणे माणसं कमी झाली नव्हती, सरकली होती. जसजसा देश पूर्वेकडे जात होता तसतशी माणसंही पूर्वेकडे जात होती, जिथे भिंत अजून कोरी होती. भिंतीच्या पूर्व टोकाला लागून आक्काबाईंच्या गोठ्याची पंधरा फुटी भिंत आहे आणि ती बारा महिने गवऱ्यांनी भरलेली असते. माणसं तिथवर पोचतील या धास्तीनं आक्काबाई काठी घेऊन बसू लागल्या.

देश मध्यावर आला आणि शेजाऱ्यांच्या सूचना सुरू झाल्या. कारभारी म्हणाले, मेघालय-बिघालय ठीक हाय, पन आपलं निघोज न्हाई घेतलं का. कुकडीच्या पाण्यानं खडकात कोरलेले रांजणखळगे सोडून लोकांना लांबचं काय दाखवायचं. निघोज घेतलं. मग कुणी रेहेकुरीची काळविटं आणली. काळविटं आली म्हटल्यावर शनिशिंगणापूरच्या बिनदारांच्या घरांनी काय पाप केलं होतं. राळेगणसिद्धीचे बांधबंधारे आले, भंडारदऱ्याचे काजवे आले. पुंजारामनं काजव्यांना अडीच फूट दिले, कारण काजवे काढणं त्याला सोपं जात होतं. खरं सांगायचं तर यात सरांचाही हात होता. कळसूबाई त्यांनी स्वतः सांगितली. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर आपल्या जिल्ह्यात आहे हे लिहिताना सहा इंचांत लिहिणं त्यांच्या जिवावर आलं. हिमालय तीन फुटांत बसला होता. कळसूबाईनं चार घेतले.

दाफिशा रोज ड्युटीला जाताना भिंतीपाशी थांबायची. आज कुठवर आलं, असं विचारायची. आज महाराष्ट्र, असं उत्तर सलग अकरा दिवस मिळालं.

तेवढ्यात देवळाली प्रवरेला सरांच्या मेहुण्याकडे वास्तूची प्रार्थना निघाली आणि सरांना दोन दिवस जावं लागलं. पंचवीस जानेवारीला दुपारी परतले, तेव्हा पुंजाराम ब्रश धूत होता. भिंत पूर्ण झाली होती. उद्या सव्वीस जानेवारीला उद्घाटन. सर कौतुकानं डावीकडून उजवीकडे चालत निघाले. नगर जिल्हा सतरा फूट चालला. मग केरळ, तमिळनाडू, ओडिशा भराभर गेले. सुंदरबनचा पोहणारा वाघ आला, अर्थातच वशिंडासकट, आणि त्याच्या शेपटीपाशी भिंत संपली. शेपटीखाली उरलेल्या अर्ध्या फुटात पुंजारामनं किराणा दुकानांच्या पाटीवर लिहायची आपली सवय निमूट पाळली होती. तिथे लिहिलं होतं: व इतर राज्ये.

सर तिथेच थांबले. ईशान्येची राज्यं एका दमात म्हणता आली नाहीत म्हणून त्यांनी आयुष्यात किती पोरांना बाकावर उभं केलं असेल याचा हिशेब नव्हता. त्यांतला एकजण आता उपजिल्हाधिकारी होता. तो उद्या इथून गेला तर काय म्हणेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात मागून दाफिशाचा आवाज आला. ती दवाखान्यातून सुटून आली होती. तिनं मराठी वॉर्डातल्या पेशंटांकडून उचललं आहे, त्यामुळे ती बोलते ते अस्सल श्रीरामपुरी.

तिनं ती चार अक्षरं आणि पुढचा शब्द बोट लावून वाचला.

"सर, 'व इतर' म्हंजे आमी का?"

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत सरांना इतका लहान प्रश्न इतका जड गेला नव्हता. ते म्हणाले, "चूक झाली, बाळा. पुंजारामची नाही, माझी."

कारभारी वही मिटून खाली आले. त्यांनी भिंत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम कालव्यावरचा झाला. "ह्ये तर आमच्या चारीवर हुतं तसंच झालं," ते म्हणाले. "वरच्यांनी पानी उपसलं आन टेलला थेंब न्हाई. त्यात वरचे म्हंजे आपनच." कालव्याच्या शेवटच्या टोकाला टेल म्हणतात, आणि आवर्तनाचं पहिलं पाणी टेलला द्यावं हा नियम आहे, तो त्यांनी आयुष्यभर इतरांना सांगितला होता. निघोजचा आग्रह आपणच धरला होता हेही त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी हातातली वही पाठीमागे धरली.

जागा एकच होती, आक्काबाईंच्या गोठ्याची भिंत. सर, कारभारी, पुंजाराम आणि मागे दाफिशा असं शिष्टमंडळ गेलं. आक्काबाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. गवऱ्या काय हिमालयावर थापू का, असंही विचारलं. सरांनी राष्ट्रीय एकात्मतेवर चार वाक्यं सांगितली. आक्काबाई गाईला पेंढा टाकत राहिल्या. मग त्यांची नजर दाफिशावर गेली. मागच्या वर्षी पायाची जखम चिघळली तेव्हा याच पोरीनं महिनाभर पट्टी केली होती.

"शिस्टर, तुझं गाव ऱ्हायलं व्हय?" त्यांनी विचारलं. "काय हाय तुज्या गावात, एवडं भितीवर काढन्यासारकं?"

दाफिशानं पूल सांगितला, पाऊस सांगितला. आक्काबाईंना पुलाचं काही वाटलं नाही. मग ती सहज बोलून गेली, "आन आमच्यात घर धाकट्या पोरीचं अस्तंय. आईचं घर धाकटीला जातं. माजं बी मलाच हाय."

आक्काबाईंच्या हातातला पेंढा थांबला. त्यांना तिन्ही मुली. धाकटी भीमा त्यांच्याजवळ राहून त्यांचं सगळं करते, आणि दर दिवाळीला पुतणे येऊन घराच्या खांबांवर हात फिरवून जातात, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक.

"धाकटीला?" त्या म्हणाल्या. "आन भावकी गप बसती?"

"बसती. रीतच हाय."

"आपल्याच देशात?"

"व्हय, आपल्याच."

आक्काबाईंनी पदर खोचला, भिंतीपाशी गेल्या आणि एकेक गवरी स्वतः उचकटून काढू लागल्या. एवढंच म्हणाल्या की, पुलाच्या आधी ते धाकटीचं लिवा, आणि अक्षर मोठं काढा, माझ्या पुतण्यांना चष्मा लागलाय.

मग रात्रभर जे काम झालं तसं कॉलनीत आधी कधी झालं नव्हतं. कारभाऱ्यांनी टेप आणून पंधरा फूट मोजले, खडूनं आखले आणि पुंजारामला बजावलं की, टेलपासून सुरू करायचं. पुंजारामनं आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडून डावीकडे काम केलं. देशात सूर्य आधी दिसतो ते अरुणाचल अगदी टोकाला. मग मणिपूरच्या सरोवरातलं तरंगतं अभयारण्य, ब्रह्मपुत्रेतलं माजुली बेट, आसामचा एकशिंगी गेंडा. गेंडा पुंजारामनं पाहिला नव्हता, पण त्यानं वशिंडाची सवय नाकावर नेली आणि काम भागलं. गवऱ्यांचे गोल वण काही केल्या जाईनात. तेव्हा दाफिशानंच सांगितलं, तसेच ठेवा, आमच्याकडे डोंगर असेच असतात. पुंजारामनं त्या वणांवरून हिरवा हात फिरवला. मेघालयाच्या डोंगरांवर आजही आक्काबाईंची पाच बोटं उमटलेली दिसतात.

वाघाच्या शेपटीखालचं 'व इतर राज्ये' सरांनी स्वतः पुसलं. त्या जागी त्यांनी बाण काढून घेतला आणि लिहून घेतलं: देश पुढे चालू.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं. दाफिशा तिच्याकडचा दोन्ही खांद्यांवरून सोडलेला सणाचा पोशाख घालून आली होती. हनुमंतराव क्लार्क आले, सगळी भिंत नीट वाचून गेले आणि जाताना म्हणाले की, छान आहे, फक्त अस्तित्वात नाही. भाषणाला उभे राहिलेल्या सरांनी दोन पानं लिहून आणली होती, पण ती वाचली नाहीत. त्यांनी ईशान्येची आठही राज्यं एका दमात म्हणून दाखवली आणि खाली बसले. एवढ्यानं त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसायचाही प्रयत्न केला नाही. या देशाचा त्यांना अभिमान होताच. पण तो पुस्तकातून शिकवणं वेगळं, आणि आक्काबाईंच्या गोठ्याच्या भिंतीवर चढलेला बघणं वेगळं, असं त्यांना वाटत राहिलं.

आता महिना झाला. भिंतीपुढे माणसं पूर्वीपेक्षा जास्त थांबतात, पण रस्त्याकडे पाठ करून भांडतात. अमुक आमच्याकडे जास्त आहे, तमुक चुकीचं लिहिलंय. परवा तमिळनाडूच्या ट्रकवाल्यानं आपल्या राज्याशेजारी उभं राहून फोटो काढून घरी पाठवला. गोठ्याच्या भिंतीपुढे तर कोणाची यायची हिंमतच नाही, कारण आक्काबाई काठी घेऊन अरुणाचलाखाली बसलेल्या असतात. पुतणे एकदा येऊन गेले, भिंत वाचली आणि खांबांना हात न लावता गेले. टाइल्सचा विषय कोणी काढत नाही.

फक्त निसर्गाचा नियम कोणाला चुकत नाही. माणसं थांबायची ती थांबतातच. ती आता रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जातात, कारभाऱ्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला. ती चाळीस फूट आहे.

रविवारी कारभारी टेप घेऊन सरांकडे आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग हळूच म्हणाले, "सर, चाळीस फुटांत जग बसंल का?"

सरांनी चष्मा पुसला. टाइल्स स्वस्त पडतील, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. "बसेल," ते म्हणाले. "टेलपासून धरलं तर बसेल."

पुंजारामला बोलावणं गेलं. त्यानं या वेळी स्वतःहून खडू मागून घेतला, भिंत मोजली, आखली, आणि ब्रश हातात घेऊन विचारलं, "सर, जगात नगर केवडं काडायचं?"

सर आणि कारभारी एकमेकांकडे पाहत राहिले. दोघांनाही न्यायानं वागायचं होतं.

"दिसेल एवढं काढ," सर म्हणाले.